पन्नास सह्यांचा मुखत्यार

१८७० साली पुण्याला आमदार नव्हता, खासदारही नव्हता. मतदारयादी, प्रचार, निकालाच्या दिवशीचा गुलाल, यातलं काहीच नव्हतं. मुंबईत गव्हर्नरचं कायदे कौन्सिल होतं. त्यात गव्हर्नरने नेमलेले मोजके देशी सभासद बसत, आणि त्यांना सरकारला साधा प्रश्न विचारायचाही अधिकार नव्हता. त्या वर्षी पुण्यातली काही मंडळी घरोघर, पेठापेठांतून फिरून एका कागदावर सह्या घेत होती. कागदाचं नाव मुखत्यारनामा.

मुखत्यारनामा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात जमिनीचं भांडण आहे त्यांना सांगायला नको. मी स्वतः हजर राहू शकत नाही, माझ्या वतीने अमुक इसम बोलेल, सही करेल, आणि त्याने केलेलं मला मान्य राहील, असा तो कोर्टकचेरीतला दस्त. या मंडळींनी तो दस्त उचलून राजकारणात आणला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र हवं, असा तिचा नियम होता. सुरुवातीलाच सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या घेऊन पंचाण्णव सभासद उभे राहिले. निवडणूक नसताना त्यांनी मतदारसंघ तयार केला होता, तोही वकिली कागदावर.

यामागे गणेश वासुदेव जोशी होते. पेशाने वकील, म्हणून ही युक्ती त्यांना सुचली असावी. लोक त्यांना पुढे 'सार्वजनिक काका' म्हणायला लागले. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल पुण्यात तक्रारी होत्या, त्या सरकारकडे न्यायच्या तर 'तुम्ही कोण? तुम्हाला कुणी पाठवलं?' हा प्रश्न येणार हे उघड होतं. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे कागद जमवले गेले.

'तुम्हाला कुणी पाठवलं?' हा प्रश्न अजून जिवंत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीच्या साकवासाठी मी निवेदन घेऊन एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेलो होतो. साकव म्हणजे पऱ्यावरचा पायी जायचा पूल, घाटावरच्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात शाळेची पोरं त्याच्यावरूनच जातात. तिथल्या स्वीय सहायकाने कागद उलटा करून पाहिला आणि विचारलं, "सह्या किती?" बत्तीस होत्या. "ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, सह्या अजून आणा." मला राग आला होता. पण परत येताना एसटीत सार्वजनिक सभेचा तो पन्नासाचा नियम आठवला, आणि तेव्हापासून या जुन्या अर्जांच्या मागे लागलो. ज्यांच्या हातात मत नव्हतं, त्यांनी ऐकून घ्यायला कसं भाग पाडलं? आणि ऐकलं गेलंच नाही तेव्हा काय केलं?

लंडनमधला वकील

या गोष्टीची सुरुवात पुण्याच्याही आधी साताऱ्यात होते. छत्रपती प्रतापसिंहांवर कंपनी सरकारने कटाचे आरोप ठेवले. पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, असं म्हणणं होतं. १८३९ साली त्यांना गादीवरून काढून पुढे काशीला नेलं. आपली बाजू लंडनमध्ये मांडायला महाराजांनी वकील पाठवले. त्यात रंगो बापूजी गुप्ते होते. ते काही महिन्यांत परततील अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. १८४० साली लंडनला पोचलेला हा माणूस १८५३ च्या अखेरपर्यंत तिथेच राहिला.

तेरा-चौदा वर्षं. या काळात त्यांनी जे केलं त्याला आज आपण 'लॉबिंग' म्हणतो. इंग्लंडात दोन दारं होती. एक पार्लमेंटचं. दुसरं ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेचं. ज्यांच्याकडे पुरेसे शेअर आहेत अशा माणसाला तिथे उभं राहून कंपनीच्या कारभारावर बोलता येत असे. रंगो बापूजींनी दोन्ही दारं ठोठावली. कागदपत्रं जमवली, छापली, वाटली. जोसेफ ह्यूमसारखा पार्लमेंटचा सभासद आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतला गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्प्सन यांनी साताऱ्याचं प्रकरण उचललं. थॉम्प्सन पुढे स्वतः पार्लमेंटात निवडून गेला. त्यांच्या मतदारांपैकी एकालाही सातारा नकाशात दाखवता आला नसता. तरी लंडनच्या सभांमध्ये साताऱ्यावर तासन्‌तास भाषणं झाली.

आणि निकाल? शून्य. प्रतापसिंह महाराज १८४७ साली काशीलाच वारले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेबही गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. ज्याच्या वतीने अर्ज करायचा तो धनीही राहिला नाही आणि जे मागायचं ते राज्यही राहिलं नाही. रंगो बापूजी त्यानंतरही काही वर्षं लंडनमध्ये खटपट करत राहिले.

परतल्यावर काय झालं ते ठाऊक असेल. १८५७ मध्ये साताऱ्याच्या उठावाच्या कटात त्यांचं नाव आलं. मुलगा सीताराम फासावर गेला. रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कुणाच्या हाती लागले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं मोठं चरित्र लिहिलंय. जाडजूड आहे, पण मिळालं तर वाचा. या माणसाला आपण बंडखोर म्हणून ओळखतो. त्याच्या आयुष्यातली चौदा वर्षं अर्ज लिहिण्यात गेली, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

दुष्काळ

मधल्या काळात मुंबईतही अर्ज झाले. १८५२ च्या ऑगस्टमध्ये नाना शंकरशेट यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज धाडला. कारभारात इथल्या लोकांना जागा द्या, ही त्यातली मुख्य मागणी. ती मंडळी शेटसावकार, शिकलेली, सरकारदरबारी ओळख असलेली. १८७५ साली सार्वजनिक सभेने त्यापुढची मजल मारली. पार्लमेंटातच हिंदुस्थानचे प्रतिनिधी बसवा, असा अर्ज त्यांनी हाउस ऑफ कॉमन्सकडे पाठवला. आज तो वाचताना हसू येतं की धाडसाचं कौतुक वाटतं, हे मला ठरवता आलेलं नाही.

पण सभेची खरी परीक्षा १८७६ ला झाली. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर, सगळीकडे. तोवर महादेव गोविंद रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून येऊन पाच वर्षं झाली होती. सरकारी नोकर असल्यामुळे ते पुढे दिसत नसत, पण सभेच्या कागदांमागे डोकं बहुतांशी त्यांचं. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली. पीक किती आलं, धान्याचा भाव काय, गुरं किती विकली गेली, लोक गाव सोडून कुठे चाललेत. ही माहिती जुळवून अहवाल सरकारकडे जाऊ लागले.

त्याच सुमारास सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. सभेने याविरुद्ध सरकारला पत्रामागून पत्र लिहिलं. एवढ्यावर माणूस जगणार नाही, हे आकडे देऊन सांगितलं. १८७७ च्या जानेवारीत हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी लोकांनी केलेला संप होता तो. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पुण्यातला अर्ज आणि माळावरचा संप एकाच वेळी चालू होते. सरकारच्या टेबलावर दोन्ही पोचले. नुसतं पत्र असतं तर ते फाइलला लागलं असतं. नुसता संप असता तर सरकारी अहवालात 'आळशी मजूर' एवढीच नोंद राहिली असती.

त्याच महिन्यात दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर करण्याचा दरबार भरला होता. सार्वजनिक काका तिथे सभेचं मानपत्र घेऊन गेले, ते हाताने कातलेल्या सुताच्या पांढऱ्या खादीत. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या संस्थानिकांच्या गर्दीत. मानपत्रात स्तुती होतीच, ती त्या काळची रीत. पण आम्हाला इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे हक्क द्या, हेही होतं. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते.

याच दुष्काळाने आणखी एक माणूस घडवला. लष्करी हिशेबखात्यात नोकरीला असलेले वासुदेव बळवंत फडके गावोगाव फिरले, लोकांचे हाल पाहिले, आणि अर्जांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७९ साली त्यांनी बंड केलं, पकडले गेले, जन्मठेपेवर एडनला गेले. खटल्यात त्यांच्या बाजूने उभा राहिलेला वकील कोण होता? सार्वजनिक काका. सनदशीर मार्गाचा एवढा मोठा कैवारी बंडखोराचं वकीलपत्र घेतो, त्या काळात, हे सोपं नव्हतं.

सार्वजनिक सभेचं एवढं कौतुक करून थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. 'सार्वजनिक' या शब्दात कोण बसत होतं? सभेत सरदार, सावकार, वकील, पेन्शनर, आणि बहुसंख्य ब्राह्मण. जोतीराव फुले यांनी या सभेवर कडक टीका केली ती यासाठीच. शूद्रातिशूद्रांच्या नावाने बोलणाऱ्यांमध्ये शूद्रातिशूद्र कुठे आहेत? जोतीरावांनी आपली वेगळी वाट काढली. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला तेव्हा त्यांनी स्वतःचं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या सारावर सरकारी तिजोरी भरते आणि ती उच्चवर्णीयांच्या कॉलेजांवर खर्च होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्काराला पुण्यात बडी मंडळी जरीच्या पोशाखात जमली होती, तिथे जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि पाहुण्याला सांगितलं की इथे बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खादीतले काका आणि शेतकरी वेशातले जोतीराव, दोघांनाही कपडे हा अर्जाचा भाग वाटला, आणि दोघांच्या अर्जांत केवढं अंतर.

रविवार

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचलं असेल. दर काही महिन्यांनी फॉरवर्ड येतो: 'रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली?' फॉरवर्डमध्ये सगळ्या देशाला सुट्टी लोखंड्यांनी दिली असं असतं. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी आधीपासून होती. लोखंड्यांनी जे केलं ते मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी, आणि ते फॉरवर्डपेक्षा जास्त चांगलं आहे.

१८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाहा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. काम करताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. 'कामगारांची स्थिती सुधारा' असलं एकही वाक्य नाही. प्रत्येक मागणीला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. गिरण्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे हा अर्ज ठेवला गेला.

लगेच काही झालं नाही. सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन बायका बोलल्या, त्याही कामगार. १८९० साल आहे हे, लक्षात ठेवा. या वेळचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाला होता, आणि जूनमध्ये मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायद्यात सुधारणा झाली.

सहा वर्षांनी तोच अर्ज पुन्हा करायचा, फक्त पाचाच्या जागी दहा हजार लोक घेऊन. आणि सरकार हलत नसेल तर मालकाकडे जायचं. लोखंडे यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते गिरणीत नोकरी केलेले, 'दीनबंधु' पत्र चालवणारे गृहस्थ.

ज्या सभेने पत्र लिहू नये

१८९२ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांमधल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारायचा अधिकार मिळाला. फक्त प्रश्न. उत्तर आल्यावर उपप्रश्न विचारता येत नसे, तो हक्क १९०९ नंतर. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. टिळक १८९५ मध्ये या कौन्सिलात गेले, गोखले त्यानंतर काही वर्षांनी. १९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर फिरोजशहा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद उठून बाहेर गेले. हल्ली सभात्यागाची बातमी रोज असते. तेव्हा ते अघटित होतं.

मला त्याआधीची एक घटना जास्त बोलकी वाटते. १८९६ ला पुन्हा दुष्काळ पडला. सार्वजनिक सभा तोवर टिळकांच्या हाती आली होती, रानडे-गोखले बाहेर पडून त्यांनी डेक्कन सभा काढली होती. सभेने या वेळी वेगळंच केलं. सरकारचीच दुष्काळ-नियमावली, जी इंग्रजीत पडून होती, तिचा सारांश मराठीत छापून गावोगाव वाटला. पीक बुडालं तर साऱ्यात सूट मिळते, काम मागता येतं, हे तुझे हक्क आहेत, हे शेतकऱ्याला सांगितलं. त्यात बेकायदा काही नव्हतं. कायदा वाचून दाखवला होता, बस.

१८९७ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं की यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा कसलाही अधिकार या सभेला आहे असं मानलं जाणार नाही. म्हणजे सभा सरकारने 'ब्लॉक' केली. सत्तावीस वर्षं मानपत्रं, अहवाल, अर्ज चालले तेव्हा अडचण नव्हती. शेतकऱ्याला नियम वाचायला दिल्यावर आली.

ठराव झाला, पाणी नाही

पुढची गोष्ट माझ्या जिल्ह्याची आहे, म्हणून जरा जपून सांगतो, नाहीतर लांबेल.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. एका लोकप्रतिनिधीने करायचं ते सगळं झालं: प्रश्न उचलला, ठराव मांडला, बहुमत मिळवलं. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर कमतरता नव्हती.

तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, जी नगरपालिका अंमल करत नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा. तेही झालं. मग २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या वेळी ते स्वतः कौन्सिलचे नियुक्त सभासद होते. त्यानंतर लोकांना झालेली मारहाण, तळ्याचं 'शुद्धीकरण', डिसेंबरचा दुसरा सत्याग्रह, हे तुम्ही शाळेत वाचलंय. शाळेत वाचलेलं नसतं ते हे, की सवर्णांनी घातलेला दावा उच्च न्यायालयात संपायला १९३७ चा मार्च उजाडला. ठरावापासून साडेतेरा वर्षं.

त्याच १९३७ मध्ये आंबेडकर नव्या विधानसभेत निवडून गेले आणि त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसलेला, सारा गोळा करणारा माणूस. कुळाच्या उत्पन्नातला मोठा वाटा त्याच्याकडे जायचा. विधेयक नुसतं सभागृहात ठेवून ते थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. शिष्टमंडळाने बाळासाहेब खेरांची भेट घेतली. प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. तेव्हा विधेयक मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

आता आपण

आपल्याकडे मत आहे. विधानसभेत २८८ जण, विधान परिषदेत ७८. त्यांच्याकडे १८९२ च्या सभासदाने स्वप्नातही पाहिली नसतील अशी आयुधं आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि वर उपप्रश्नही येतात. लक्षवेधी सूचना आहे, कपात सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. विनंती अर्ज समिती नावाची समितीच आहे, म्हणजे सार्वजनिक सभेचा अर्ज घेणारी खिडकी आता विधिमंडळाच्या आत आहे.

तरी आपण आमदाराकडे काय मागतो? आमदार निधीतून पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, वाढदिवसाला हार. ट्विटरवर टॅग करून 'लक्ष द्या साहेब'. यात आमदाराचा दोष आहेच, पण त्याला कायदेमंडळाचा सभासद म्हणून पत्र लिहिणारे किती? माझ्या साकवाच्या निवेदनातही 'साकव बांधून मिळावा ही नम्र विनंती' एवढंच होतं. दुसऱ्या खेपेला मी ते बदललं. जुना साकव कोणत्या वर्षीच्या पुरात गेला, काम कोणत्या खात्याकडे आहे, आराखड्यात त्याचं नाव आलं का, नसेल तर का नाही, हा प्रश्न अधिवेशनात विचारावा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला, एकशे अकरा सह्या जोडल्या, आणि पोच म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. शिक्का घ्याच. शिक्का नसलेलं निवेदन म्हणजे मनातली इच्छा. साकव अजून झालेला नाही. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं उत्तर मात्र लेखी आलंय, आणि पुढच्या पत्रात त्याचा क्रमांक टाकता येतो.

पत्राने भागत नाही तेव्हा लोक आजही चालतात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यात बहुतेक आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालले. सरकारने लेखी आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी त्याच आश्वासनासाठी ते पुन्हा निघाले.

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, १९५३ च्या नागपूर करारामुळे. विदर्भाच्या लोकांना आपलं म्हणणं मुंबईपर्यंत न जाता मांडता यावं, हा त्यामागचा हेतू. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा तिथे आला. गुरं राखणारा हा समाज. आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, ही मागणी. हजारो लोक होते, बायका आणि लेकरं घेऊन आलेले. पोलिसांनी मोर्चा विधान भवनापासून काही अंतरावर अडवला. दिवसभर लोक बसून राहिले. सरकारतर्फे कुणीतरी येऊन निवेदन घेईल याची वाट पाहत. संध्याकाळी गर्दी हलली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं.

मी या आकड्यापाशी दर वेळी थांबतो. रंगो बापूजींना लंडनमध्ये कुणी ना कुणी भेटत तरी होतं.

त्यांच्या मागणीचं पुढे काय झालं? २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. काही मुलांना दाखले मिळाले, प्रवेश मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. नागपुरात झिरो माइलजवळ त्या ११४ जणांचं स्मारक आहे आणि शहरातल्या एका उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव दिलेलं आहे. दर २३ नोव्हेंबरला समाजाचे लोक स्मारकापाशी जमतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत अधिवेशन सुरू होतं आणि यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघायला लागतात: अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, विद्यार्थी. ठरलेल्या ठिकाणी बॅरिकेड असतात. तिथून चार-पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून निवेदन घेऊन आत जातं. बाकीचे डांबरावर सतरंज्या टाकून, घरून आणलेल्या भाकऱ्या सोडून, ते परत यायची वाट पाहतात.